पथ्याचा कागद

आप्पा, तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले आणि तुमच्या मंडळींनी, आक्कांनी, डाळ सोडली आहे. तूर, मूग, मसूर, सगळीच. तुमच्या सुनेनं, रेखानं, मला फोन करून हे सांगितलं. "मॅडम, तुमी एकदा येऊन समजावा हो. नुसती भाकर आन् भाजी खायल्यात. आप्पांच्या नावानं सोडली म्हणतेत." आपल्याकडं यात नवल काही नाही. माणूस गेलं की त्याच्या आवडीचं काहीतरी घरातलं कुणीतरी सोडतंच. कुणी आंबा सोडतं, कुणी पेढा. आंबा सोडणाऱ्याचं एक बरं असतं, तो वर्षातून दोन महिनेच समोर येतो. पण सत्तरीला आलेल्या, अंडं-मटण कधी न शिवलेल्या बाईनं डाळ सोडली तर तिच्या दंडापायांवर राहणार काय, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. सोनपेठेत हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

परवा मी जाऊन आले. तिथं काय झालं ते तुम्हाला सांगायचंच आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगावी लागेल, जी तुम्ही असताना सांगायला हवी होती आणि मी सांगितली नाही. पथ्याचा तो कागद मी लिहिला होता, आप्पा. तो वरून आला नव्हता. कुठल्याही मोठ्या डॉक्टरनं लिहिला नव्हता. परभणीच्या आमच्या ऑफिसात, पंख्याखाली बसून, चहा पीत पीत मी लिहिला होता.

आता सगळं ओळीनं सांगते. तुम्हाला ओळ सोडून बोललेलं चालायचं नाही.

लिव्हरचा जुना आजार असलेली, साठी ओलांडलेली माणसं काय खातात आणि त्यांच्या अंगात ताकद किती राहते, याचा आमचा अभ्यास. यादीत तुमचं नाव आलं तेव्हा मी बॅग घेऊन तुमच्या किराणा दुकानात पहिल्यांदा आले. माझं काम म्हणजे काल काय काय खाल्लंत ते विचारायचं, दंडाला टेप लावायची, पंजाची पकड यंत्रावर बघायची, आणि हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठायला लावायचं. गावोगावच्या बायका मला 'खुर्चीवाली' म्हणायच्या. तुम्ही मात्र आधी माझं ओळखपत्र वाचलंत, मागची बाजूही वाचलीत आणि मग बसा म्हणालात. छापलेलं काहीही पूर्ण वाचल्याशिवाय तुम्ही बाजूला ठेवत नव्हता. पुड्या बांधायच्या रद्दीतल्या बातम्यासुद्धा वाचून मगच त्यात जिरं बांधायचात आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं.

तुमचं लिव्हर साखरेनं आणि चरबीनं खराब झालेलं. पण आपल्या गावांमध्ये लिव्हर म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं बाटली उभी राहते. तुम्ही पहिल्याच दिवशी सदऱ्याच्या आतून गळ्यातलं इष्टलिंग बाहेर काढून दाखवलंत. "गळ्यात हे हाय माझ्या. सुपारीचं खांड बी कधी तोंडात टाकलं न्हाई. आन् लोक नाहक माझ्याकडं बगून हसायलेत. लिवा तिथं, दारू न्हाई. मोठ्या अक्षरात लिवा." मी म्हटलं, फॉर्मवर फक्त चौकोन आहे, त्यात खूण करायची. तुम्ही माझ्या हातातून पेन घेतलं आणि अशी खूण केलीत की ती खालच्या तीन पानांवर उमटली. तुम्ही आमच्या अभ्यासात कशासाठी आलात ते मला त्याच दिवशी कळलं. तब्येतीचं नंतर होतं, आधी तुम्हाला नाव स्वच्छ करून घ्यायचं होतं.

मग वाटीचा किस्सा. खाण्याचं माप सांगायला सोपं जावं म्हणून आम्ही एक ठरलेली वाटी बरोबर नेतो. मी ती काढली तर तुम्हाला हसू आवरेना. "ही परभणीची वाटी हाय का? आमच्या घरची आणा गं कुणीतरी." आक्कांनी घरातली वाटी आणली, ती माझ्या वाटीच्या जवळजवळ दीडपट. तुम्ही दोन्हींत डाळ भरलीत, दोन्ही काट्यावर ठेवल्यात आणि आकडे मला दाखवलेत. मी तोवर जितक्या घरांत जाऊन 'एक वाटी वरण' लिहून आले होते, ते सगळं मला त्या काट्यावर चुकताना दिसलं. त्या दिवसापासून मी कुठल्याही घरात गेले की आधी त्या घरची वाटी मोजते. आता नवीन मुली कामाला आल्या की त्यांनाही हेच शिकवते. तुमचं नाव सांगून शिकवते.

आणि सोमवार. "काल काय खाल्लंत?" असं मी विचारलं आणि तुम्ही "काय न्हाई, सोमवार होता" असं सांगितलंत. मी बिचारी शून्य लिहून मोकळी झाले. तेवढ्यात आतून आक्का ओरडल्या, "काय न्हाई कसं? भगर खाल्ली, शेंगदाण्याची आमटी खाल्ली, केळं खाल्लं, दूध पिले!" त्यावर तुमचा शांतपणे खुलासा, "ते फराळाचं. ते खाण्यात धरत न्हाईत." मी शून्य खोडलं. मनात म्हटलं, अशा किती सोमवारांची शून्यं आपल्या कागदांत बसलीयत कोण जाणे.

सोमवारवरून आपलं भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. मी सांगायची, धडधाकट माणसाचं लिव्हर रात्रीपुरती शिदोरी साठवून ठेवतं. तुमचं ठेवू शकत नाही. मग बराच वेळ पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. तुम्ही लगेच पकडलंत. "म्हंजे गोदाम न्हाई. रोजचा माल रोज." मी म्हटलं, बरोबर. "मंग सोमवार सोडून बोला." असं म्हणून तुम्ही विषय बंद करायचात. मी चिडायची, तुम्ही गालात हसायचात.

आता कागदाकडं येते.

मॅडमनी, म्हणजे आमच्या अभ्यासाच्या प्रमुखांनी, खायच्या पदार्थांची आणि टाळायच्या पदार्थांची यादी इंग्रजीत दिली आणि मला म्हणाल्या, हिचं चांगल्या मराठीत कर. चांगल्या मराठीत. मी तूरडाळ, मूगडाळ, दूध, दही, शेंगदाणे, झोपण्याआधी दूध आणि मूठभर फुटाणे असं सगळं ओळीनं लिहिलं आणि वर मथळा दिला, 'यकृताच्या रुग्णांसाठी पथ्य'. पानाच्या मागच्या बाजूला 'वर्ज्य' असा मथळा आणि त्याखाली मीठ, पापड, लोणचं, दारू. मी शिकलेल्या पुस्तकांत पथ्य म्हणजे हितकर अन्न, जे घ्यावं ते. टाळायचं ते अपथ्य. मॅडमना शब्द आवडला. वजनदार आहे म्हणाल्या. मीही खूश.

आणि माझी स्वतःची आई, आप्पा, रोज ताटावर बसली की म्हणते, "मला वांग्याचं पथ्य हाय." म्हणजे वांगं बंद. आपल्याकडं ज्याचं पथ्य, ते बंद. परभणीत जन्मलेल्या कुठल्याही पोराला हे माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण ही घरची मराठी मी ऑफिसच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवली होती.

तो कागद तुम्हाला दिला आणि सहा आठवड्यांनी परत आले. बाजारचा दिवस होता, दुकानात गर्दी होती, म्हणून तुम्ही मला आत बसवलंत. खुर्चीतून उठायला सांगितलं तर दुसऱ्याच वेळी तुमचा हात गुडघ्यावर गेला. आधी पाचही वेळा सरसर उठला होता. दंडाला टेप लावली तर ती सैल. पंजाच्या यंत्राचा काटा मागच्या खुणेच्या बराच खाली थांबला. मला काही कळेना. विचारलं, "कागद वाचलात ना?" तुम्ही ताठ बसलात. "वाचला म्हंजे? पाठ हाय. शंभर टक्के पथ्य पाळलं मी." आणि मी, आप्पा, फॉर्मवर 'पथ्य पाळले: होय' अशी खूण केली. वर "शाब्बास" म्हटलं.

पुढचा प्रश्न होता म्हणून विचारला, "झोपण्याआधी दूध-फुटाणे घेता ना?" तुम्हाला राग आला. "मी काय एवढा हावरट हाय का? पथ्य हाय ना तेचं!"

मी फॉर्म बाजूला ठेवला. मग एकेक विचारलं. डाळ? पथ्य. दूध? पथ्य. दही? पथ्य. शेंगदाणे? पथ्य. पानाच्या मागचंही बंद, पुढचंही बंद. पुढचं जरा साधं बंद आणि मागचं कडक बंद, असा तुम्ही अर्थ लावला होता. सहा आठवडे ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि पाणीदार ताक. बाहेर दुकानात फुटाण्याचं पोतं तुमच्या गादीला टेकून उभं, आणि तुम्ही त्यातला एक दाणा तोंडात टाकला नव्हता.

"आप्पा," मी म्हटलं, "हे खायचं होतं."

तुम्ही चष्मा लावलात. कागद पुन्हा वाचलात, पुढून आणि मागून. "मंग वर 'हे खा' म्हणून लिवायला काय धाड भरली होती?" मग कागद माझ्यापुढं धरलात. "आन् कुणी लिवलं हे?"

त्या क्षणी खरं सांगणं अवघड नव्हतं. तीन शब्द होते. मी म्हणाले, "वरून आलंय." आमच्या ऑफिसात ज्याची जिम्मेदारी कुणालाच नको असते ते सगळं वरूनच येतं. तुम्ही मान हलवलीत, "वाटलंच," म्हणालात. मी विषय बदलायला विचारलं, इतके दिवस डाळीशिवाय कसे काढलेत? तुम्ही म्हणालात, "मन मारलं. मीच आक्काला सांगून ठेवलं होतं, ताटात वाढू नको म्हणून." मी तेही लिहून घेतलं.

नंतर इतर घरी जाऊन पाहिलं. ज्यांनी कागद फडताळात टाकून दिला होता किंवा त्याची पुडी करून टाकली होती, ते ठणठणीत होते. ज्यांनी इमानानं वाचला आणि पाळला, ते वाळले होते. तुमच्याइतक्या इमानानं कुणीच पाळला नव्हता.

नवा कागद आपण दोघांनी केला. तुमच्या दुकानात, तुमच्या काट्यापुढं बसून. एका बाजूला 'हे खायचं', दुसऱ्या बाजूला 'हे खायचं न्हाई'. मी 'नाही' लिहिलं होतं, तुम्ही ते खोडून 'न्हाई' केलंत आणि ऑफिसात मी पुन्हा 'नाही' केलं, त्यावरूनही तुम्ही मला बोल लावलात. "मूठभर फुटाणे म्हंजे कुणाची मूठ? माजी का तुजी?" असं विचारून तुम्ही दोघांच्या मुठी भरून मोजल्यात. तोवर तुमच्या तोंडी मी 'मॅडम'ची 'पोरी' झाले होते. रोज झोपण्याआधी दूध-फुटाणे सुरू झाले, दोन्ही जेवणांत वरण आलं. तीन-चार महिन्यांत तुम्ही पुन्हा पाच वेळा हात न टेकता उठलात आणि आक्कांना हाक मारून ते दाखवलंत. मी त्या दिवशी बसमध्ये एकटीच हसत होते.

पण तुम्ही राणीसावरगावला माझ्याबरोबर आलात तो दिवस आठवला की अजून कानकोंडं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या पेशंटला माझं काही पटत नव्हतं. मुलं-सुना ऊसतोडीला गेलेली, घरात तो आणि त्याची बायको, दोघांनी जुनाच कागद धरून ठेवलेला. तुम्ही म्हणालात, चल, मी येतो. एसटीनं गंगाखेड, तिथून पुढं दुसरी गाडी, आणि एवढ्या खटाटोपानंतर तुम्ही त्याच्या ओट्यावर बसून समजावलंत. "गड्या, मी बी असाच फसलो. पथ्य म्हंजे बंद, असंच मला बी वाटलं." आणि मग माझ्याकडं बोट करून म्हणालात, "हिचा काय बी कसूर न्हाई बरं का. वरच्या कुण्या शहाण्यानं लिवलंय. ही बिचारी उन्हातान्हात फिरून निस्तरायलीय." म्हातारी मला पाणी देत म्हणाली, "लय गुणाची लेक." मी पाणी प्यायले. भांडं परत दिलं.

तेव्हापासून 'वरचा शहाणा' हे तुमच्या थट्टेतलं एक माणूसच झालं. पाऊस लांबला, वीज गेली, की तुमचं ठरलेलं, "तुझ्या त्या वरच्या शहाण्यानं लिवलं असंल." मी तुमच्याबरोबर हसायची. दीड वर्ष हसले. जितकी जास्त हसले तितकं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता नुसता कागद नाही, हसण्याचाही हिशेब द्यावा लागला असता.

अहवालावरूनही आपलं बिनसलं. मॅडमचं म्हणणं पडलं की ज्यांनी कागद उलटा वाचला त्यांचे ते सहा आठवडे बाजूला काढू आणि खाली एक वाक्य टाकू: 'पत्रकातील शब्दरचनेमुळे काही सहभागींचा गैरसमज झाला.' मी ते वाक्य तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही भडकलात. "गैरसमज आमचा झाला? आमी सहा आठवडे भुके राहिलो ते फुकट घालवतीस काय? लिव सगळं. काय खाल्लं न्हाई, किती वाळलो, कामून वाळलो, समदं लिव. दुसरीकडं कुणी असा कागद छापायच्या आधी वाचंल तरी." मी म्हटलं, असं अहवालात लिहीत नाहीत. "मंग कागदं भरतीस कशाला?" मी ते वाक्य पुन्हा वाचलं. गैरसमज झाला. झाला म्हणजे आपोआप झाला, पाऊस झाला तसा. त्या वाक्यात कुणी काही केलेलंच नाही, आणि मला ते वाक्य सोयीचं होतं. त्यातून मीच सुटत होते ना.

मग तुमच्या पोटात पाणी झालं. आधी औषधांनी उतरलं, पुन्हा झालं, मग ताप आला आणि तुम्हाला परभणीला आणलं. मी दवाखान्यात आले तेव्हा तुम्ही वरणाला नावं ठेवत होता. "ह्याला वरण म्हणतेत? डाळ ह्याच्या शेजारून गेली असंल फक्त." तुमचे हात उशीवर पडले होते आणि मी सवयीनं दंडाकडं बघितलं. तुम्ही ते पाहिलंत. "मोजतीस का?" म्हणालात. मी नको म्हटलं. "रिपोर्ट लिवला का?" मी म्हटलं, "लिहायलेय." तेव्हा सांगून टाकावं असं अगदी तोंडाशी आलं होतं. मग सिस्टर आली, सलाइनची बाटली बदलायला लागली, आणि मी पर्स उचलली. बाटली बदलायला दोन मिनिटं लागतात, आप्पा. मी थांबू शकले असते.

चार दिवसांनी तुमच्या मुलाचा मेसेज आला, आप्पा लिंगैक्य झाले. मी ऑफिसात होते. तुमची फाइल काढली आणि 'अभ्यासातून बाहेर पडण्याचे कारण' या रकान्यापुढं 'मृत्यू' लिहिलं. तेवढं काम माझंच होतं.

तर परवा. आक्का आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. मी डाळ खाण्याबद्दलचं सगळं भाषण बसमध्येच तयार करून आणलं होतं. वय वाढलं की भूक कमी होते, स्नायू झिजतात, पडलं की माणूस अंथरूण धरतं, म्हणून उतारवयात डाळ-दूध जास्त लागतं, वगैरे. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मी बोलत असले की त्या कधीच मध्ये बोलत नाहीत.

मग म्हणाल्या, "आवडीची म्हणून न्हाई सोडली माय."

मी विचारलं, मग कशामुळं?

"तो पयला कागद होता ना तुजा. तवा लय मागायचे ते. जेवायला बसले की ताट पुढं सरकवायचे. म्हणायचे, आक्के, डावभर वाढ गं, कोण बघायलंय. मी कागद दाखवायची. रोज दाखवायची. एकदा तर हात धरला माजा, मी सोडवून घेतला. दुकानभर डाळ, आन् मी माज्या माणसाला डावभर दिली न्हाई." त्या रडत नव्हत्या. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तशा सांगत होत्या. "तितूनच उतरले ते. त्येंनी कदी बोलून दाखवलं न्हाई. पण मला ठावं हाय. आता मी कुण्या तोंडानं खाऊ?"

आप्पा, तुम्ही मला सांगितलं होतं, मीच वाढू नको म्हणालो. मी ते लिहून घेतलं होतं. माझ्या फॉर्मवर अजून आहे. म्हणजे तुम्ही आक्कांवर ठपका येऊ नये म्हणून परक्या बाईपुढं खोटं बोललात, आणि त्याच बैठकीत, त्याच पाच मिनिटांत, मी माझ्यावर ठपका येऊ नये म्हणून खोटं बोलले. तुमचं खोटं कुणाला बाधलं नाही. माझं ही बाई दीड वर्ष पोटात घेऊन बसली होती. मी तेव्हाच कागद आपला म्हटला असता, आक्कांपुढं म्हटला असता, तर त्यांनी निदान मला शिव्या घातल्या असत्या.

मी सांगितलं. तुमच्यासाठी जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं विसरले, सरळ सांगितलं. "आक्का, तो कागद मी लिहिलाय. तो शब्द माझा. डॉक्टरांचा नाही, वरून आलेला नाही. तुम्ही जे वाचलंत ते बरोबर वाचलंत. तुमच्या जागी माझी आई असती तर तिनंही असंच केलं असतं. लिहिणारी चुकली."

रेखा दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली. आक्का माझ्याकडं बघत होत्या.

"तेनंच गेले का ते?" त्यांनी विचारलं.

मला 'नाही' म्हणायचं होतं. कुणीही नाहीच म्हणालं असतं. मी म्हटलं, "माहीत नाही, आक्का. नंतर आप्पा सुधारले होते, ताकद परत आली होती. आजार मुळातच वाढत जाणारा होता. त्या सहा आठवड्यांनी काही फरक पडला का, ते मला माहीत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. पण उपाशी ठेवलं ते तुम्ही नाही."

त्यांनी चटईची कड सरळ केली. मग एवढंच म्हणाल्या, "तवाच कामून सांगितलं न्हाईस?"

"भ्याले," मी म्हटलं. दुसरं काही नव्हतंच.

मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "डाळ सोडायचीच तर मी सोडते. चूक माझी आहे. तुम्ही खा." हे बोलताना मला रडू आलं. दवाखान्यात आलं नव्हतं, फाइल बंद करताना आलं नव्हतं.

"तू खुळी हायस का?" आक्का एकदम माझ्यावर खेकसल्या. "तू लोकायला खा म्हणून सांगत फिरतीस. तूच सोडलीस तर तुजं ऐकणार कोण?" मग पदर सारखा केला. "राग हाय मला तुजा. लय राग हाय. त्यो राहणार."

मी मान हलवली. राहू दे म्हटलं.

थोड्या वेळानं त्यांनी रेखाकडं न बघताच विचारलं, "सकाळचं वरण हाय का गं, का पोरायनं संपवलं?"

सगळे सहा आठवडे अहवालात जाणार आहेत, आप्पा, आणि 'गैरसमज झाला' हे वाक्य मी काढलंय. मॅडमशी अजून वाद चालू आहे, तो मी बघून घेईन. तुमची माफी मागायची राहून गेली ती आता राहिलीच. पण आक्का परवा वरण-भाकरी जेवल्या. माझ्यासमोर जेवल्या, माझ्याशी एक शब्द न बोलता.